छाट

पाऊण किलो पान, पाव किलो तंबाखू, दोऱ्याचं एक रीळ,
संध्याकाळी मोजून हजार विड्या.
पान कमी पडलं तर पदरचं.
साखर पेठेतल्या एका खोलीत
मला भेटलेला हा पहिला कन्स्ट्रेंट.

अम्मा ओलं पान उजेडाकडं धरायची,
शिरा बघायची, भोकं बघायची,
पत्र्याचा फर्मा जरासा तिरका ठेवायची
आणि शेजारणीला जिथं दोन निघत
तिथं तीन काढायची.
मग सुपाखालच्या कातरणाकडं बघत
स्वतःलाच विचारायची,
‘मिगिलिंदि एंत?’
उरलं किती.

पुढं मी हेच करत गेलो, पगार घेऊन.
हुगळीकाठी कागदाचे रोळ,
भिलईकडं पोलादाच्या पट्ट्या,
मग तीन वर्षं वैमानिकांच्या पाळ्या:
कोण कुठल्या गावात झोपणार ते मी ठरवायचो
आणि स्वतः तोवर एकदाच विमानात बसलो होतो,
तेही खिडकी न मिळता.
मशीन मिळायचं रात्री दोनला.
कार्डांचा गठ्ठा बगलेत धरून जायचो.
एक कार्ड उलटं लागलं की पहाट फुकट.

एक प्रमेय माझ्या नावावर आहे. लहान आहे.
ते म्हणतं, अमुक तऱ्हेनं कापलंत
तर छाट अमुकपेक्षा कमी होणारच नाही,
कितीही डोकं चालवा.
सहा वर्षं लागली.
त्यातली दोन, ते खोटं आहे हे सिद्ध करण्यात.
सुट्टीत आलो तेव्हा अम्माला समजावून सांगितलं.
ती विडीचं तोंड मुडपत म्हणाली,
‘पान न बघताच कसं काय सांगलास रे?’

त्र्याऐंशी साली इथल्याच एका चादरीच्या कारखान्यानं बोलावलं.
किती माग, किती माणसं, कुठली पाळी.
अकरा दिवसांत उत्तर काढलं,
मालकांनी शाल दिली, त्यांच्याच मागावरची.
अहवालात पान चौदावर एक तक्ता होता.
त्यात व्हेरिएबल सव्वीस बरोबर शून्य.
सव्वीस म्हणजे यल्लप्पा चिप्पा,
ज्यानं मला सायकल शिकवली.
पुढच्या वर्षी अशोक चौकात दिसला, टॉवेलांच्या घड्या घालत.
‘नमस्कार सर’ म्हणाला.
आधी कधी सर म्हणाला नव्हता.

आता रिटायर होऊन परत इथंच.
पाणी पाचव्या दिवशी.
हात गप्प बसेनात म्हणून महापालिकेला
व्हॉल्वचं वेळापत्रक करून दिलं, फुकट:
सत्तेचाळीस चाव्या, चार टाक्या,
कुठल्या बोळात किती मिनिटं.
आमच्या भागाचा चावीवाला शरणप्पा
तो कागद टोपीच्या घडीत ठेवतो.
‘सर, एकदम बरोबर हाय तुमचं,’ म्हणतो,
‘पण त्या बोळात मयत झालीया.
तिथं धा मिनिटं जास्ती सोडतो.’
कुणाची कापून?
‘कुणाची नाही.’
मग आली कुठून?
तो लोखंडी चावी खांद्यावर टाकतो.
‘असतंय की सर थोडं. फिरवता फिरवता.’

मी सबंध उन्हाळा ती दहा मिनिटं शोधली.
दाब मोजला, पाइपांचे व्यास मोजले,
दोन रात्री त्याच्यामागं चालत गेलो, बॅटरी घेऊन.
हिशेबात बसत नाहीत.
माझ्या प्रमेयानुसार ती असूच शकत नाहीत.

आज आमची पाळी. दोन चाळीसला येणार.
घागरी मांडून बसलोय.
पाण्याआधी नळातून हवा येते,
म्हातारं माणूस उठताना करतं तसा आवाज करत.
दोन चव्वेचाळीस.
चार मिनिटं
कुणाच्या तरी दारात सांडली असतील.
वही खिडकीत आहे, पेन्सिल तिच्यात खोचलेली.
घागर भरत आली की आवाज बारीक होत जातो,
तो ऐकत मी उभा आहे.